बोटीचं वापरलेलं सामान ऑनलाइन घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा मीटरची छोटी शिडाची बोट आहे. एक विक्रेता आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं) इंजिन, चार्टप्लॉटर (नकाशावर बोट दाखवणारा पडदा), दोन फुगणारी लाइफजॅकेटं आणि एक ईपर्ब (संकटात उपग्रहाला हाक देणारं यंत्र) असं सगळं एकगठ्ठा, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत देतोय. बोट विकली, सामान उरलं, असं त्याचं म्हणणं. इंजिनावरची नंबरपट्टी मात्र ‘खाऱ्या पाण्याने गेली’. फोटोत माल झकास दिसतो. घ्यावा का? आणि उद्या चोरीचा निघाला, तर पैसे मोजून घेणाऱ्याचा त्यात काय दोष?

तुम्ही धोक्याचा प्रश्न वेगळा विचारलाय आणि नीतीचा वेगळा. मला ते एकच वाटतात. बोटीच्या सामानात तुम्ही लोखंड आणि प्लास्टिक विकत घेत नाही, त्याचा इतिहास विकत घेता. इंजिन कधी पाण्यात बुडालं होतं का, गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं, जॅकेट फुगवणारा वायूचा सिलिंडर कधीचा, हे फक्त खऱ्या मालकाला माहीत असतं. चोराच्या हाती इंजिन लागतं, ही माहिती लागत नाही. म्हणून ज्या मालाची मालकी धूसर असते, त्याची सुरक्षितताही तेवढीच धूसर असते. विक्रेता चोर नसेल, नुसता अजाण असेल, तरी पाण्यावर तुमची अडचण तीच.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगतो. किनाऱ्यापासून किती लांब जाता, बरोबर कोण असतं, आणि इंजिन उघडून बघणारा माणूस हाताशी आहे का, यावर उत्तर बदलतं. बंद तळ्यात इंजिन बंद पडलं तर वल्ही मारत परत येता. तेच ओहोटीच्या ओढीत खाडीच्या तोंडाशी बंद पडलं तर गोष्ट वेगळी. त्यामुळे ‘जुनं घ्यावं का’ याला सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. वस्तुगणिक म्हणता येतं.

जे बिघडलं तर आधी दिसतं आणि हळूहळू बिघडतं, ते मी बिनदिक्कत जुनं घेतो. विंच (दोर ताणायची चरखी), कप्प्या, क्लीट (दोर अडकवायची खुंटी), वल्ही, फेंडर (धक्क्याला लागताना मध्ये घालायच्या गाद्या), नांगर ही त्यातली. विंच तर जुनीच परवडते. उघडून साफ करायची, पॉल (चाक उलटं फिरू न देणारे दाते) आणि त्यांच्या बारीक स्प्रिंगा बदलायच्या, ग्रीस लावायचं, की पुढची कित्येक वर्षं चालते. फक्त त्या मॉडेलचे पॉल आणि स्प्रिंगा अजून मिळतात का हे पैसे देण्याआधी बघा. याउलट जे वर्षानुवर्षं गप्प बसतं आणि ऐन वेळी एकदाच कामाला येतं, ते जुनं घेऊ नये, किंवा घेतलंच तर अधिकृत तपासणी होईल या अटीवर. तुमच्या गठ्ठ्यात दोन्ही प्रकार मिसळलेत, आणि एकगठ्ठा सौद्याची खरी अडचण हीच असते. चांगल्या वस्तूच्या मोहात नको ती वस्तू गळ्यात येते.

इंजिनापासून सुरू करू. आउटबोर्डचा सिरियल नंबर बहुधा बोटीला अडकवायच्या ब्रॅकेटवर असतो. कधी रिव्हेट मारलेली पट्टी, कधी चिकटवलेला स्टिकर. बऱ्याच मॉडेलांत तो आत, ब्लॉकवरच्या एका छोट्या गोल धातूच्या टोपणावरही ठोकलेला असतो. विक्रेत्याला वरचं झाकण काढून त्याचा फोटो मागा. खारं पाणी पट्टी खातं हे खरं, पण कशी खातं ते बघा. कडेने पांढरी भुकटी धरते, रंग फुगतो, एखादा आकडा वाचता येत नाही. पट्टी सबंध नाहीशी होऊन तिच्या जागी स्वच्छ चौकोन, दोन रिकामी रिव्हेटची भोकं किंवा एकाच दिशेचे समांतर ओरखडे आणि वर ताज्या रंगाचा हात, हे मिठाचं काम नाही. ते पेचकसाचं किंवा ग्राइंडरचं आहे. ब्रॅकेटवरचा आणि ब्लॉकवरचा नंबर जुळत नसेल तर मात्र लगेच चोर म्हणू नका. पॉवरहेड, म्हणजे इंजिनाचा वरचा मुख्य भाग, बदललेलं असू शकतं. पण एवढं मोठं काम केलेल्या माणसाकडे त्याची पावती असतेच.

दुसरी खूण वायरी. स्वतःची बोट मोकळी करणारा माणूस सॉकेट सोडवतो, केबलच्या पिना काढतो, नटबोल्ट पिशवीत बांधून ठेवतो. घाईत असलेला माणूस कापतो. सलग कापलेल्या वायरी, करवतीने तोडलेला बोल्ट, ब्रॅकेटच्या चिमट्यात अडकलेला फायबरचा तुकडा, हे फोटोत दिसलं की पुढचं बोलणं नको. चार्टप्लॉटरलाही हाच नियम. पॉवरची वायर मागून दोन बोटांवर तुटलेली असेल आणि बसवायचा स्टँड नसेल, तर तो कसा निघाला हे सांगायला विक्रेत्याची गरज उरत नाही.

नंबर ठीक निघाला तर मग तब्येत. इंजिन मी पोचण्याआधी सुरू करू नका, असं बजावा आणि गेल्याबरोबर झाकणाखाली हात लावून बघा. गरम इंजिन कुठलंही सुरू होतं. कॉम्प्रेशन गेजने सगळे सिलिंडर मोजा. गेजागणिक आकडा बदलतो, तेव्हा आकड्यापेक्षा आपसातला फरक महत्त्वाचा. दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक, एखादा सिलिंडर एकटाच खूप खाली असेल तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मग खालच्या गिअरकेसचा तळाचा स्क्रू थोडा सैल करा. इंजिन काही दिवस उभं असेल तर ऑइलच्या आधी नितळ पाणी ठिबकतं, कारण पाणी जड असल्याने तळाशी बसतं. दुधाळ, कॉफीसारखं ऑइल म्हणजे सील गेलंय. पंख्यामागे गुंडाळलेली मासेमारीची तंगूस हे त्याचं नेहमीचं कारण, ती शाफ्टच्या सीलमध्ये शिरून त्याची कड कापते. स्क्रूच्या चुंबकावर बारीक करडा लेप असतोच, त्याची काळजी नको. कपची किंवा किस दिसला तर गिअरचे दात तुटतायत.

बुडालेलं इंजिन ओळखणं जरा अवघड, कारण वरून ते पुसून लखलखीत करता येतं. स्टार्टरच्या आत, वायरींच्या जोडांत, झाकणाच्या रबराखाली मीठ शोधा. आणि सगळ्यावर एकसारखा काळा स्प्रे मारलेला असेल, अगदी रबरी नळ्या आणि बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, तर त्याखाली काय झाकलंय हा प्रश्न विचारायचा.

शिडाच्या बोटीसाठी आणखी एक गोष्ट, जी लोक घरी माल आल्यावर बघतात. शाफ्टची लांबी. ढोबळ मापं 15, 20 आणि 25 इंच. इंजिन बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, जिथे टेकतं तिथून पंख्याच्या वरच्या आडव्या पत्र्यापर्यंत मोजायचं. तो पत्रा बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली आला पाहिजे. शिडाच्या बोटीचा मागचा भाग लाटेवर उचलला जातो आणि आखूड शाफ्टचा पंखा हवेत फिरतो, नेमका धक्क्याला लागताना. मुदलात चुकीच्या लांबीचं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी महागच.

कुरिअरने मागवत असाल तर फोर स्ट्रोक इंजिन कोणत्या कुशीवर आडवं ठेवायचं हे मॅन्युअलमध्ये, बहुधा इंजिनावरही, लिहिलेलं असतं. उलट्या कुशीवर ठेवलं की ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. आणि त्याआधी ते उभं धरून आतलं पाणी निथळू द्यायचं. पॉवरहेड गिअरकेसपेक्षा खाली गेलं तर उरलेलं पाणी एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरमध्ये जातं. पेट्रोलचा थेंब असलेलं इंजिन कुरिअरवाले घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शक्यतो स्वतः जाऊन आणा.

आता ईपर्ब, कारण या एका वस्तूत तुमचे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. हे यंत्र 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संदेश पाठवतं, आणि त्या संदेशात 15 अंकाक्षरांची स्वतंत्र ओळख असते. त्या ओळखीपुढे नोंदवहीत मालकाचं नाव, बोटीचं वर्णन आणि घरच्यांचे फोन असतात. तुम्ही जुना ईपर्ब घेतला, नोंद बदलली नाही, आणि खरंच बुडायची वेळ येऊन तो चालू केला, तर पहिला फोन आधीच्या मालकाच्या घरी जाईल. ते सांगतील, आमची बोट तर धक्क्यावर बांधलेली आहे. शोधकार्य कदाचित थांबणार नाही, पण कुठली बोट, किती माणसं, कुठे निघाली होती, या माहितीऐवजी बचावदलाच्या हाती गोंधळ येईल. चोरीच्या ईपर्बची नोंद तुम्हाला सरळ मार्गाने बदलून घेता येत नाही. कायदेशीर मालाची येते: विक्रेत्याने आपली नोंद रद्द करायची, तुम्ही आपल्या नावाने करायची, आणि यंत्र दुसऱ्या देशाच्या संकेतांकाचं असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून ते पुन्हा कोड करून घ्यायचं. विक्रेता ‘नोंद रद्द केली’ एवढं म्हणून चालत नाही, तशी पोच दाखवली पाहिजे.

बॅटरीची मुदत अंगावरच छापलेली असते. ती संपत आली असेल तर अधिकृत बॅटरीबदलाचा खर्च आधी विचारा. पुष्कळदा जुनं यंत्र अधिक बॅटरी मिळून नव्याच्या जवळ जातं. आपोआप सुटणाऱ्या ब्रॅकेटातल्या हायड्रोस्टॅटिक युनिटची, म्हणजे बुडाल्यावर पाण्याच्या दाबाने यंत्र सोडणाऱ्या भागाची, मुदत साधारण 2 वर्षांची, तीही तपासा. फक्त 121.5 मेगाहर्ट्झवर चालणारी जुनी यंत्रं अजून विक्रीला दिसतात. उपग्रहांनी ती वारंवारता ऐकणं 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद केलंय, तेव्हा ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. आणि कुठलाही ईपर्ब ‘चालतो का बघू’ म्हणून चालू करायचा नाही. त्याला टेस्टचं वेगळं बटण असतं, तेवढंच दाबायचं.

डीएससी (बटण दाबून संकटाचा संदेश पाठवायची सोय) असलेल्या व्हीएचएफ रेडिओचं आणि एआयएसचं (बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्राचं) दुखणं याच जातीचं. त्यात बोटीचा नऊ अंकी एमएमएसआय नंबर, म्हणजे रेडिओवरची तिची ओळख, घातलेला असतो. बऱ्याच सेटमध्ये वापरणाऱ्याला तो एकदा किंवा दोनदाच घालता येतो, मग सेट लॉक होतो आणि कंपनीच्या माणसाकडे न्यावा लागतो. मालकीचा पुरावा नसेल तर तिथे प्रश्न विचारले जातात. विचारले जावेतच.

चार्टप्लॉटर चालू करून दाखवायला सांगा आणि साठवलेले मार्ग उघडा. खऱ्या मालकाचा प्लॉटर बोलका असतो: एकाच धक्क्यावरून निघणाऱ्या, एकाच ठिकाणी परतणाऱ्या शंभर रेघा. विक्रेता म्हणतो बोट अमुक तळ्यात होती आणि रेघा भलत्याच किनाऱ्यावर दिसतात, तर काय ते समजा. अगदी पुसून कोरा केलेला प्लॉटर मात्र संशयास्पद नाही. खाजगी माहिती पुसून विकणं ही शहाणपणाची गोष्ट आहे. अशा वेळी सिरियल नंबर घेऊन कंपनीला विचारा, तो चोरीला गेल्याची नोंद आहे का. पिन मागणारा प्लॉटर आणि पिन न आठवणारा विक्रेता ही जोडी टाळा.

लाइफजॅकेटांबद्दल माझं मत सरळ आहे: फुगणारी जॅकेटं अनोळखी माणसाकडून घेऊ नयेत. ती तपासता येत नाहीत असं नाही. सिलिंडर सोडवून ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवायचा आणि त्यावर ठोकलेल्या एकूण वजनाशी ताडायचा. नेहमीच्या, 150 न्यूटन जोराने तरंगवणाऱ्या जॅकेटात 33 ग्रॅम वायू असतो, पण हे आतल्या वायूचं वजन, सिलिंडरसकट नव्हे, इथे बरेच जण फसतात. आपोआप फुगवणाऱ्या कळीवरची तारीख वाचायची: विरघळणाऱ्या गोळीवजा कळीची मुदत साधारण 3 वर्षं, पाण्याच्या दाबावर चालणारीची 5. मग तोंडाने टणक फुगवून 24 तास ठेवायचं, सैल पडलं तर फुगा गेला. पट्ट्यांची शिवण, चिमटे, कंपनीने ते मॉडेल परत मागवलंय का, हे सगळं बघून नवा सिलिंडर आणि नवी कळी घातली की नव्या जॅकेटाच्या किमतीपाशी पोचता. मग वाचवलं काय? फोमच्या जॅकेटला चिमटा घ्या. फोम सावकाश आणि अर्धवटच वर येत असेल, तर त्याचा जीव गेलाय.

संकटात पेटवायचे फ्लेअर, सुरक्षापट्टे आणि डोलकाठी ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा जुन्या घेऊच नयेत. फ्लेअरची मुदत साधारण 3 वर्षांची, शिवाय स्फोटक म्हणून टपालाने पाठवायलाही बहुतेक ठिकाणी बंदी. तारा आतून, दाबून बसवलेल्या टोकात चिरतात, आणि स्टेनलेस स्टील बाहेरून चकचकीत राहूनही आत गंजतं. लाइफराफ्ट (बोट बुडाली तर वापरायचा फुगणारा तराफा) घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी तो अधिकृत सर्व्हिस स्टेशनवर उघडून फुगवला गेला पाहिजे. विक्रेता याला तयार नसेल तर सौदा तिथेच संपला.

तळातून पाणी घेणारे सीकॉकही जुने नको. साध्या पितळेचे असतील तर समुद्राच्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं. पृष्ठभाग सुरीने खरवडा: आत पिवळ्याऐवजी गुलाबी, तांबूस धातू दिसला तर तो आता खडूसारखा ठिसूळ आहे, हातोडीच्या हलक्या ठोक्याने फुटेल. आणि आत पेट्रोल इंजिन असलेल्या बोटीसाठी कुणी ‘मरीन’ म्हणून गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर खपवत असेल तर सावध. गाडीच्या भागांतून उडणारी ठिणगी बाहेर पडू शकते. गाडीखाली वारा असतो, बोटीच्या तळात पेट्रोलची वाफ साचते.

नांगराच्या साखळीत फसण्याची तऱ्हा वेगळी. मापांचे दोन ठरीव प्रकार आहेत: 10 मिलिमीटरची साखळी डीआयएन 766 मापाची असेल तर कड्यांचा टप्पा (एका कडीची आतली लांबी) 28 मिलिमीटर, आयएसओ 4565 मापाची असेल तर 30. दोन मिलिमीटरच्या या फरकाने साखळी विंडलसच्या (नांगर ओढणाऱ्या यंत्राच्या) चाकावर उड्या मारते आणि भर वाऱ्यात सुटते. दहा कडी सलग ताणून मोजून पाठवा असं विक्रेत्याला सांगा. कड्या जिथे एकमेकींत घासतात तिथली जाडी कॅलिपरने बघा, दहावा हिस्सा झिजली असेल तर साखळी बाद. शिडांबाबत एवढंच की मापं बोटीवर घ्या, जाहिरातीतल्या ‘अमुक बोटीला बसतं’ यावर जाऊ नका. उन्हात राहिलेल्या शिवणीखाली नख घालून ओढा, दोरा तुटला तर सबंध शिवण पुन्हा घालावी लागेल.

आता दोषाचा प्रश्न. बहुतेक देशांच्या कायद्यात चोराकडून मालकी हस्तांतरित होत नाही, कारण त्याच्याकडे ती नसतेच. माल मूळ मालकाकडे जातो, तुमचे पैसे चोराकडे राहतात. ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव नंबर असलेल्या मालाला थोडाफार चालतो. नंबर काढलेलं, निम्म्या किमतीचं इंजिन घेणाऱ्याने तो कोणत्या तोंडाने करावा? कायदा बाजूला ठेवला तरी, बोटीवरून इंजिनं चोरीला जातात ती घेणारा असतो म्हणूनच.

यापेक्षा अवघड नीती दुसरीकडे आहे. वारलेल्या माणसाची बोट घरचे लोक मोकळी करतात आणि मोलाच्या विंचची जोडी भंगाराच्या भावात टाकतात. मागितली ती किंमत देण्यात मला गैर वाटत नाही. पण त्यांनी ‘याचं खरं मोल किती?’ असं विचारलं आणि तुम्ही माहीत असून कमी सांगितलंत, तर ती फसवणूक आहे. तसंच यार्डात शेवाळलेली, वर्षानुवर्षं न हललेली बोट बेवारस दिसते, म्हणून तिचं सामान बेवारस होत नाही. ‘टाकून दिलेल्या बोटीवरचं’ असं जाहिरातीत लिहिलं असेल, तर कुणी टाकलं आणि कुणाला दिलं हे लेखी मागा.

व्यवहाराच्या पद्धतीत दोन-तीन गोष्टी पाळल्या तर बहुतेक भामटे आपणच गळतात. वस्तूशेजारी तुम्ही सांगाल तो शब्द कागदावर लिहून काढलेला आजचा फोटो मागा. व्हिडिओ कॉलवर नंबर सावकाश दाखवायला सांगा. जाहिरातीतला फोटो इमेज सर्चमध्ये टाका, तोच फोटो दुसऱ्या गावाच्या, दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत सापडणं नवलाचं नाही. ‘दुसरा गिऱ्हाईक तयार आहे, आधी बयाणा टाका’ याला भीक घालू नका, आणि जिथे तक्रार करून पैसे परत मागता येतात त्याच मार्गाने पैसे द्या. मग दोन साधे प्रश्न: इंजिन कुठल्या बोटीवर होतं, पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो किती पुढे सरकतो ते माप) किती? मालक लगेच सांगतो, वर न विचारता तक्रारीही सांगतो. सर्व्हिसच्या बिलावर बहुधा सिरियल नंबर असतो, म्हणून जुनं बिल ‘सापडत नाही’ म्हणाला तर जिथे सर्व्हिस केली तिथून प्रत आणायला सांगा. बोट खरंच विकली असेल तर त्या विक्रीचा कागदही असणार.

तेव्हा तुमच्या गठ्ठ्यापुरतं: इंजिन नंबरशिवाय नाही. ब्लॉकवरचा नंबर आणि पावती आली तरच बघायला जा. प्लॉटर चालू करून, कंपनीला विचारून. ईपर्ब नोंद रद्द झाल्याची पोच असेल आणि बॅटरीची बरीच मुदत उरली असेल तरच. जॅकेटं नाहीत. विक्रेता सुटं द्यायला तयार नसेल तर सोडून द्या. पैसे दिल्यानंतर शंका आली तर माल पुढे विकू नका आणि परतही करू नका. संभाषण जपून ठेवा आणि नंबरासह पोलिसांना कळवा.

माल घरी आला की पाण्यात उतरवण्याआधी धुवा. हे कुणी विचारत नाही. पण दोरखंड, नांगर, ट्रेलर, इंजिनातलं साचलेलं पाणी यांतून झेब्रा शिंपल्यासारखे परके जीव एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात आणि तळी, कालवे, पाण्याच्या नळ्या भरून टाकतात. चिखल आणि शेवाळ काढा, पाणी निथळू द्या, निदान 5 दिवस खडखडीत वाळवा. घाई असेल तर 60 अंशांच्या गरम पाण्याने धुवा. गठ्ठ्यात तळाला लावायच्या रंगाचा जुना डबा आला तर लेबल वाचा. कथिलाचं टीबीटी हे विषारी संयुग असलेले रंग 17 सप्टेंबर 2008 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने बंद आहेत, तो डबा घातक कचऱ्यातच द्यायचा. आणि उद्या हेच सामान तुम्ही विकायला काढाल तेव्हा सिरियल नंबर लिहिलेली सही केलेली पावती द्या, ईपर्बची नोंद रद्द करून पोच द्या, प्लॉटरमधला घरचा धक्का पुसा, आणि इंजिन थंडीत दोन झटके जास्त घेतं हे न विचारता सांगा.